उद्या ये, नाळे बा!

कोल्हापूर सोडले की कागल, दूधगंगेचा पूल, कोगनोळी नाका, निपाणी, तवंदी घाट, संकेश्वर, हत्तरगी, काकती आणि मग बेळगाव. पुणे-बंगळूर महामार्गावरचा हा साधारण ११० किलोमीटरचा टप्पा. आता तो दोन तासांत संपतो. दूधगंगा ओलांडली की दुकानांच्या पाट्या बदलतात, एस.टी.चा रंग बदलतो आणि मोबाइलवर 'कर्नाटकात आपले स्वागत आहे' असा संदेश येतो. माणसे मात्र बदलत नाहीत. पलीकडचा टपरीवाला त्याच हेलात विचारतो, "काय पावणं, च्या घेणार न्हवं?"

माझे माहेर निपाणीचे आणि कॉलेज बेळगावचे. गेल्या डिसेंबरात लेकीला घेऊन या वाटेने गेले. ती इथेच जन्मली, इथेच वाढली. आजोळी ती लहानपणी दोन-तीनदा गेली होती, पण आठवणीत राहावे असे हे पहिलेच जाणे. गाडीत बसल्या बसल्या तिने विचारले, "आई, तुमच्याकडे नेट नव्हतं, घरात फोन नव्हता. मग एखादी गोष्ट व्हायरल कशी व्हायची?"

प्रश्न चांगला होता. त्याचे उत्तर वाटेतल्या गावागावांत सापडत गेले, म्हणून हा लेख मंडळातल्या तिच्या वयाच्या मुलांसाठी. किल्ले आणि देवळे तुम्हाला नकाशावर दिसतील. मी तुम्हाला नेणार आहे ती ऐकीव गोष्टींच्या वाटेने.

निपाणी: वखार, विडी आणि पोस्टकार्ड

निपाणी म्हणजे तंबाखू. भाव मिळावा म्हणून शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू शेतकऱ्यांनी १९८१ मध्ये इथला महामार्ग रोखून धरला होता. त्या आंदोलनावर गोळीबार झाला आणि शेतकऱ्यांचे बळी गेले. वखारींत राबणाऱ्या बायकांवर 'युगांतर' या गटाने १९८२ च्या सुमारास माहितीपट केला. शेती, वखार, विडी आणि ट्रक या चार गोष्टींवर गाव उभे होते. ऐकीव गोष्टीही याच चौघांवर स्वार होऊन फिरत.

विडीचे काम हाताचे असते. तोंड आणि कान मोकळे असतात. आमच्या शेजारच्या घरी पाच-सहा बायका सुपे मांडीवर घेऊन विड्या वळायला बसत, मध्ये ट्रान्झिस्टर लावलेला. बुधवारी रात्री आठला 'बिनाका गीतमाला' म्हणजे घराघरांतला सण. रेडिओ सिलोनवर अमीन सयानींचा हा कार्यक्रम १९५२ मध्ये सुरू झाला. त्याच वर्षी आकाशवाणीने सिनेसंगीताला दार बंद केले होते, म्हणून सारा देश शेजारच्या बेटावरून आपली गाणी ऐकू लागला. या आठवड्यात कुठले गाणे कितव्या पायरीवर, यावर शाळकरी पोरांच्या पैजा लागत. त्याच बिनाका टूथपेस्टच्या खोक्यात प्लास्टिकचा एक इवलासा प्राणी मिळे. दुहेरी निघाला तर अदलाबदल करायची. दात घासण्याचा उत्साह एरवी कुठल्याच पिढीत इतका नसेल!

आणि पोस्टकार्डे. आठवड्या-पंधरवड्याला एक तरी अनोळखी अक्षरातले कार्ड येई. वर एखाद्या देवीचे नाव, खाली मजकूर ठरलेला: अमक्या देवळात नाग प्रकट झाला, पुजाऱ्याशी बोलला. हे पत्र वाचणाऱ्याने अशीच २१ पत्रे लिहून पाठवावीत. एकाने पाठवली, त्याला लॉटरी लागली. एकाने फाडून टाकले, त्याचा मुलगा गेला. खाली सही नाही.

तेव्हा कार्ड पंधरा पैशांचे होते. एकवीस कार्डांचे तीन रुपये पंधरा पैसे. विडी वळणाऱ्या बाईला ते हलके नव्हते. तरी लोक लिहीत, कारण भीती पैशांपेक्षा जड असते. आमच्या शेजारच्या काकूंना लिहिता येत नव्हते. त्या कार्ड घेऊन माझ्याकडे येत आणि म्हणत, "बाळ, एवढी लिहून दे गं." एकदा मी अकरा लिहिली आणि हात दुखायला लागला.

आजीने ते पाहिले. तिने कार्ड हातात घेतले, पुढून-मागून बघितले आणि विचारले, "कुणाचं हाय हे?"

"नाव नाही लिहिलेलं, आजी."

"नाव सांगायची लाज वाटती त्याला, आणि पोरगं मरायचं भ्या घालाय वाटत न्हाई?"

असे म्हणून तिने ते कार्ड, आणि मी लिहिलेली अकराही, अंघोळीच्या बंबात टाकली. काकू रडकुंडीला आल्या. आजीने त्यांना जवळ बसवून चहा पाजला आणि सांगितले, "पाप लागायचं असंल तर मला लागू दे. तू सुटलीस." पुढे आमच्या गल्लीत असे कार्ड आले की लोक ते थेट आजीकडे आणून देत. बंब पेटवायला तिला कागदाची ददात कधी पडली नाही.

लेकीला ही गोष्ट सांगितली तर ती म्हणाली, "म्हणजे 'हा मेसेज दहा जणांना पाठवा' हे तुमच्या वेळेपासून आहे?" आमच्याही आधीपासून असेल. १९७५ मध्ये 'जय संतोषी माँ' हा सिनेमा आला. पडद्यावर देवी आली की लोक नाणी आणि फुले उधळत, चपला बाहेर काढून आत बसत. मग घराघरांत सोळा शुक्रवारांचे व्रत आले: गूळ-फुटाण्यांचा प्रसाद आणि त्या दिवशी आंबट वर्ज्य. मी तेव्हा तान्ही होते, पण आई अजून सांगते की शुक्रवारी ताकाचे भांडेसुद्धा शेजारी ठेवायला दिले जाई. जी देवी आदल्या वर्षापर्यंत आमच्या भागात फारशी कुणाला ठाऊक नव्हती, ती एका सिनेमाने स्वयंपाकघरापर्यंत आणून सोडली.

आकाशातून काहीतरी पडणार आहे

जुलै १९७९ ची गोष्ट निपाणीचे मामा आजही रंगवून सांगतात. अमेरिकेने मे १९७३ मध्ये 'स्कायलॅब' नावाची प्रयोगशाळा अवकाशात सोडली होती. वजन ७० टनांहून अधिक. ती आता खाली येणार, आणि नेमकी कुठे पडणार ते कुणालाच सांगता येत नाही, ही बातमी रेडिओवर आली. इथवर सगळे खरे होते. पुढचे लोकांनी रचले. ती आपल्याच डोक्यावर पडणार, जग बुडणार. देशभरात गावोगावी लोकांनी कोंबडे-बकरे कापून शेवटचे जेवण जेवून घेतल्याच्या हकिकती त्या वेळी पसरल्या. मामा म्हणतात, "आमच्या गल्लीत एकानं उधारी मागायला येणाऱ्याला सांगितलं, बुधवारपर्यंत थांबा, बेस्तरवारी कोण ऱ्हातंय बघू."

११ जुलैला, बुधवारी, स्कायलॅब खाली आली. आपल्याकडे रात्रीचे दहा वाजून गेले होते. तुकडे हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात एस्परन्स गावाच्या आसपास पडले. त्या गावाने कचरा टाकल्याबद्दल नासाला ४०० डॉलरचा दंड ठोठावला! निपाणीत गुरुवारी उधारीवाला पुन्हा दारात आला. त्यानंतर कित्येक वर्षे, धडपडत येऊन अंगावर पडणाऱ्या पोराला आमच्याकडे 'स्कायलॅब' म्हणत.

दोन भाषा वाचणारे भूत

निपाणीत आमचे जुने घर आता मामांनी पाडून नवे बांधले आहे. पण गल्लीच्या टोकाला एक लाकडी दार तसेच आहे. ते दिसल्यावर मी लेकीला हाकामारीची गोष्ट सांगितली.

मी चौथी-पाचवीत असेन. अचानक संध्याकाळी मुलांना लवकर घरात घ्यायला लागले. रात्री कुणीतरी बाई येते, दाराबाहेरून हाक मारते आणि आपल्याच माणसाच्या आवाजात मारते: आईच्या, बहिणीच्या, परगावी गेलेल्या वडिलांच्या. 'ओ' दिली की संपले. तिचे नाव हाकामारी. उपाय एकच, दारावर लिहायचे: 'हाकामारी, उद्या ये.' ती येते, वाचते, परत जाते. दुसऱ्या रात्री पुन्हा तेच वाचते. तिचा उद्या कधी उजाडतच नाही. खडूने, चुन्याने, कुंकवाने दारे भरून गेली.

लेक ओरडली, "अगं, हे तर 'स्त्री' सिनेमातलं आहे!"

तेच आहे. २०१८ च्या त्या सिनेमात भिंतींवर 'ओ स्त्री, कल आना' लिहिलेले दिसते, आणि त्याचे मूळ म्हणून कर्नाटकातल्या 'नाळे बा' या गोष्टीचे नाव घेतले जाते. कन्नडमध्ये नाळे म्हणजे उद्या आणि बा म्हणजे ये. बंगळूर आणि आसपासच्या घरांवर हे दोन शब्द १९९० च्या दशकात लिहिले गेले. तिथेही बाई रात्री येते आणि ओळखीच्या आवाजात हाक मारते. इकडे महाराष्ट्रात ती हाकामारी, तिकडे तिला नाव नाही, नुसता निरोप: नाळे बा. गोष्ट कुठून कुठे गेली, कोण सांगणार? ट्रक दोन्ही दिशांना जातात.

आमचा भाग या दोन्हींच्या मधोमध. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. तेव्हापासून इथे पाटी कुठल्या भाषेत लिहायची यावर मोर्चे निघाले, डोकी फुटली, तुरुंग भरले. माझ्या शाळेच्या वयात तो ताण रोजचा होता. १९८६ मध्ये छगन भुजबळ वेषांतर करून, नाकाबंदी चुकवून बेळगावात शिरले, ही खरी घडलेली गोष्ट. पण तीही आमच्यापर्यंत येईस्तोवर दर गल्लीत त्यांचा वेष बदललेला असायचा.

अशा दिवसांत आमच्या समोरच्या घरातल्या अक्कांनी दारावर दोन ओळी लिहिल्या: वर मराठीत 'उद्या ये', खाली कन्नडमध्ये 'नाळे बा'. कुणीतरी चिडवले, "अक्का, तुम्ही पण कन्नड पाटी लावली?" अक्का शांतपणे म्हणाल्या, "भूत कुठल्या बाजूचं हाय, मला काय ठाव? त्याला वाचाय आलं पायजे की."

सीमाभागाचे इतके नेमके वर्णन मी नंतर कुठल्याही भाषणात ऐकले नाही.

संकेश्वरचा फाटा

निपाणी सोडली की तवंदी घाट. वाटेत स्तवनिधीचे जैन क्षेत्र लागते, तिथे थांबून पाणी प्यायचे आणि पुढे संकेश्वर. संकेश्वरहून उजवीकडे गडहिंग्लजचा रस्ता फुटतो. डावीकडे, बेळगावच्याही पलीकडे, सौंदत्तीचा यल्लम्माचा डोंगर. मार्गशीर्षात आणि माघात पौर्णिमेला कोल्हापूर-निपाणीकडून गाड्या भरभरून लोक सौंदत्तीला जातात. भंडाऱ्याने रस्ता पिवळा होतो. यात्रा बघण्यासारखी असते, जरूर बघा.

पण याच वाटेवरची एक ऐकीव गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. मुलीच्या केसांत गुंता झाला, त्याची जट झाली, की म्हणायचे 'देवीचे बोलावणे आले'. जट कापली तर देवी कोपेल, घर बसेल. मग ती मुलगी देवीला सोडायची. तिचे लग्न नाही. तिला आयुष्य काढायचे ते लोकांच्या मर्जीवर. हा निरोप कुठल्या पोथीने पसरवला नाही. शेजारणीने शेजारणीला सांगितला, आत्याने भाचीला सांगितला. पिढ्यान् पिढ्या, ओळखीच्या आवाजात.

वास्तविक जट म्हणजे न विंचरलेल्या, न धुतलेल्या केसांत तेल आणि धूळ बसून झालेला गुंता. मुलींना देवाला वाहण्याविरुद्ध मुंबई प्रांतात १९३४ मध्ये कायदा झाला, आणि तेव्हा बेळगाव त्याच प्रांतात होते. कर्नाटकाने १९८२ मध्ये नवा कायदा केला. पण कायदा केसांपर्यंत पोचत नाही. तिथे पोचली ती माणसे. गडहिंग्लज भागात अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते घरोघरी जाऊन, बाईला समजावून, तिच्या होकाराने जट सोडवत आले आहेत. आधी तासन् तास बोलणे आणि मग पाच मिनिटे कात्री, असे ते काम असते.

लेक बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे जुन्या काळातल्या सगळ्याच अफवा गोड नव्हत्या." नव्हत्या. 'आमच्या वेळी बरं होतं' असे म्हणणाऱ्यांना हा फाटा दाखवावा. गोष्ट ओळखीच्या तोंडून आली म्हणजे खरी असते असे नाही. उलट हाकामारीची सगळी ताकदच त्या ओळखीच्या आवाजात होती.

बेळगाव: देवाचे दूध

काकती मागे पडली, म्हणजे कित्तूरच्या राणी चन्नम्मांचे माहेर मागे पडले, की बेळगाव आलेच. २०१४ पासून सरकारी कागदावर ते बेळगावी. पहिल्यांदा खडे बाजारात जाऊन कुंदा घ्यायचा. दूध आटवून आटवून तांबूस, दाणेदार झालेली ही मिठाई. तिच्या जन्माचीही गोष्ट आहे. म्हणतात, एका मारवाडी हलवायाचे दूध शेगडीवर विसरून राहिले, रात्रभर आटले, आणि सकाळी टाकून देण्याआधी त्याने चाखून बघितले. खरे असो वा नसो, या गोष्टीने कुणाचे वाईट केले नाही. लग्नाच्या रुखवतातले मांडेही इथलेच. मनातले मांडे जगभर खाल्ले जातात, खरे मात्र बेळगावात.

कॉलेजात असताना मी शहापूरला आत्याकडे राहत होते. २१ सप्टेंबर १९९५, गुरुवार. सकाळी दिल्लीत सुरू झालेली गोष्ट दुपारपर्यंत शहापुरात आली होती. इंटरनेट नव्हते, पण नाक्यानाक्यावर एस.टी.डी.चे बूथ आले होते. दिल्लीच्या मुलाने पुण्याला, पुण्याच्या भावाने बेळगावला फोन केला. आत्या भाजी टाकून आली. "काय गं, गणपती दूध पितंय म्हणं! चल की, बघून येऊया."

देवळापुढे रांग गल्लीच्या बाहेर गेली होती. हातात वाटी, वाटीत चमचा. चमचा सोंडेला टेकवायचा आणि दूध हळूहळू कमी व्हायचे. ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिले, दूध कमी होतच होते. त्याच दिवशी लंडनमधल्या साउथॉलमध्ये, अमेरिकेतल्या देवळांत, सिंगापुरात, सगळीकडे हेच चालले होते. तुमच्या आई-बाबांना विचारा, त्या दिवशी ते कुठे होते हे त्यांना नक्की आठवत असेल.

संध्याकाळी आमच्या कॉलेजच्या पदार्थविज्ञानाच्या सरांकडे आम्ही चार-पाच जण गेलो. सरांनी टिंगल केली नाही. त्यांनी दुधात हळद घातली, घरातल्या देव्हाऱ्यातली संगमरवरी मूर्ती ताटलीत ठेवली आणि म्हणाले, "द्या नैवेद्य." पांढऱ्या दगडावर पांढरे दूध दिसत नाही. पिवळे दिसले. काठोकाठ भरलेला चमचा ओल्या दगडाला टेकला की पृष्ठताणामुळे दूध दगडाकडे ओढले जाते आणि पातळ थराने खाली ओघळते. पिवळी रेघ सोंडेवरून पोटावर, पोटावरून ताटलीत उतरली. दिल्लीच्या सरकारी शास्त्रज्ञांनीही त्या दिवशी दुधात रंग घालून हेच दाखवले होते.

मी घरी येऊन आत्याला सांगितले. ती पाचवीपर्यंत शिकलेली, रोज अथर्वशीर्ष म्हणणारी बाई. तिने ऐकून घेतले. मग उठली, पाट्यावरचा वरवंटा धुऊन उभा धरला आणि त्याला चमचा टेकवला. वरवंटाही दूध प्याला! आत्या पोट धरून हसली. नंतर देवापुढे निरांजन लावले आणि म्हणाली, "देवाला दूध नको असतंय गं. ते आपल्या पोरास्नी लागतंय." उरलेले दूध तिने शेजारच्या बाळंतिणीला नेऊन दिले. तिची श्रद्धा कणभर कमी झाली नाही. फक्त पुढे जो कोणी विचारायला आला, त्याला तिने आधी वरवंटा दाखवला.

बंब आणि वरवंटा

आता लेकीच्या प्रश्नाकडे येऊ. व्हायरल कसे व्हायचे? माणसांवरून व्हायचे. ट्रकच्या क्लीनरवरून, यात्रेकरूंवरून, माहेरी आलेल्या लेकींवरून, एस.टी.डी. बूथच्या रांगेतून. म्हणून वेळ लागायचा, आणि वाटेत एखादी आजी भेटायची, जिच्याकडे बंब होता. एखादी आत्या भेटायची, जिच्याकडे वरवंटा होता. तिथे ती गोष्ट थांबायची किंवा निदान तिचे दात पडायचे.

आज वेळ लागत नाही. १३ सप्टेंबर २०२२ ला याच पट्ट्यात, सांगली जिल्ह्याच्या जत तालुक्यातल्या लवंगा गावात उत्तर प्रदेशातले चार साधू रस्ता विचारायला थांबले. ते विजापूरहून पंढरपूरकडे निघाले होते. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, ही अफवा आधीच मोबाइलवर पोचलेली होती. लोकांनी त्यांना काठ्यांनी मारले. ते वाचले. त्याच्या चार वर्षे आधी, १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात भिक्षेकरी समाजातले पाच जण वाचले नाहीत. अफवा तीच होती: मुले पळवणारे आले. ही गोष्ट नवी नाही. पुलाच्या पायात मुले पुरतात म्हणून आम्हाला लहानपणी अनोळखी माणसाची भीती घातली जायची. पण आमच्या गल्लीत साधू आला, की आजी त्याला ओट्यावर बसवून विचारायची, "कुठलं गाव तुमचं? कुणाचं तुम्ही?" उत्तर मिळेपर्यंत पाणी आलेले असायचे.

आजीला विज्ञान ठाऊक नव्हते, आत्याला पृष्ठताण ठाऊक नव्हता. दोघींना एकच गोष्ट येत होती: पुढे सरकवण्याआधी थांबणे. ते काम कुठले यंत्र आपल्यासाठी करणार नाही. घराघरांत कुणीतरी एकाने ते अंगावर घ्यावे लागते, आणि 'पाप लागायचं तर मला लागू दे' असेही म्हणावे लागते. कुटुंबाच्या ग्रुपवर काकांचा संदेश आला, की त्यांना सगळ्यांदेखत खोडून काढू नका. फोन करा, तब्येत विचारा आणि मग हळूच विचारा, "काका, हे तुम्हाला कुणी पाठवलं?" निम्म्या गोष्टी तिथेच बंबात जातात.

जाणार असाल तर

कोल्हापूरहून सकाळी लवकर निघा. निपाणीत गाडी बाहेर ठेवून जुन्या पेठेतून चाला. बेळगावात दोन दिवस ठेवा. किल्ला बघा. १९२४ मध्ये गांधीजी ज्या एकमेव काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष होते, ते टिळकवाडीत भरले होते. ती जागा आणि त्या वेळी खणलेली विहीर बघा. संध्याकाळी कपिलेश्वराच्या तळ्याकाठी बसा. गणेशोत्सवात गेलात तर याच तळ्यात विसर्जन बघायला मिळेल, रात्रभर जागायची तयारी ठेवा. कुंदा आणि मांडे परतीच्या दिवशी घ्या म्हणजे ताजे राहतील.

आणि सत्तरी ओलांडलेले कुणी भेटले, की तीन प्रश्न जरूर विचारा. स्कायलॅब पडणार होती त्या रात्री तुम्ही काय जेवलात? तुमच्या दारावर कुणी 'उद्या ये' लिहिले होते का, आणि कुठल्या भाषेत? गणपती दूध प्यायला तेव्हा तुम्ही रांगेत होतात की नव्हता? उत्तरे लिहून ठेवा, सांगणाऱ्याच्या नावासकट. आपल्या मंडळाच्या मासिकासाठी पाठवलीत तर उत्तमच. ही माणसे आहेत तोवरच हे विचारता येईल. त्यांना 'उद्या ये' म्हणून चालणार नाही.